३५ इंची टायर, चार इंच लिफ्ट: ही थार रस्त्यावर कायदेशीर आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. २०२१ची सेकंडहँड डिझेल थार घ्यायची बोलणी पक्की होत आली आहेत. आधीच्या मालकाने ३५ इंची मड टायर, चार इंच लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन बदलून वाढवलेली उंची), विंचसकट (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) लोखंडी बंपर, छतावर एलईडी बार, स्नॉर्कल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) आणि मोकळा एक्झॉस्ट बसवला आहे. 'आरसी, पीयूसी, विमा सगळं क्लिअर आहे' असं तो सांगतो. कोल्हापूरहून गोव्याला जायचं आहे, पावसाळ्यात सह्याद्रीत फिरायचं आहे. पोलिसांनी अडवलं तर काय होईल? आरटीओकडून हे सगळं पास करून घेता येईल का? आणि एक मित्र हरियाणातल्या मंडी डबवालीहून विलीजसारखी, म्हणजे जुन्या अमेरिकी लष्करी जीपसारखी, जीप आणतोय, त्यात काही धोका आहे का?

पास करून घेण्याचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, करून घेता येणार नाही. मी ऑफ-रोड गाड्या बांधायचं काम करतो, म्हणजे हे उत्तर माझ्याच पोटावर पाय देणारं आहे. पण 'आमची आरटीओत ओळख आहे, आरसीवर चढवून देतो' असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. खासगी गाडीच्या लिफ्टची किंवा ३५ इंची टायरची आरसीवर नोंद करून देणारी सोयच आपल्याकडे नाही.

कायद्याचं मूळ मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये आहे. उत्पादकाने जे तपशील दिले आणि जे नोंदणी प्रमाणपत्रात आले, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवणं आणि दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेणं, या वाटा कायद्याने मोकळ्या ठेवल्या आहेत. ऑफ-रोडिंगसाठी अशी वाट नाही. त्याच कलमात 'बदल' म्हणजे काय हेही सांगितलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आमच्या धंद्यातले सगळे वाद या दोन शब्दांभोवती फिरतात. सीट कव्हर बदललं तर मूळ वैशिष्ट्य बदलत नाही, चासी कापली तर बदलतं. लिफ्ट, टायर आणि बंपर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतात.

जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मधला भाग बराच आवळला. उत्पादकाने नोंदणीसाठी दिलेली मूळ वैशिष्ट्यं मालकाला बदलता येणार नाहीत, आणि राज्याच्या नियमांत सवलत दिसत असली तरी कलम ५२ त्याच्या वर राहील, असा तो निकाल. तेव्हा 'आता स्टिकर लावला तरी गाडी जप्त' अशा बातम्या व्हॉट्सॲपवर फिरल्या. निकाल तसं म्हणत नाही. इतर तपशिलांत नियमांनी मनाई नसेल तिथे बदल करता येतो, हेही त्यात आहे. पण तुमच्या गाडीच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टींना नियमांची मनाई आहेच, तेव्हा त्या वाक्याचा फार आधार मिळणार नाही.

त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने कलम १८२अ आणलं. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यातलं 'प्रत्येक बदलामागे' नीट वाचा. तुम्ही सांगितलेले सहाही बदल धरले तर कागदावर ३०,००० होतात. प्रत्यक्षात नाक्यावर किती होतात हे अडवणाऱ्यावर आणि त्या दिवशी मोहीम चालू आहे का, यावर ठरतं. पाच वर्षं बिनधास्त फिरलेली गाडी सहाव्या वर्षी एका दुपारी अडकते. आणि हे कलम फक्त पुस्तकात आहे असं समजू नका: २०२२ मध्ये श्रीनगरच्या वाहतूक न्यायदंडाधिकाऱ्यांनी अशाच एका थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, पण गाडी मूळ रूपात आणायचा आदेश दिला. त्या गाडीवरही मोठे टायर आणि एलईडी दिवे होतेच.

आता एकेक वस्तू घेऊ.

टायरपासून सुरुवात करतो, कारण तिथे कायद्यापेक्षा गणित जास्त बोलतं. थारच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीचा टायर २५५/६५ आर१८ येतो. त्याचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. ३५ इंची टायरचा व्यास ८८९ मिलिमीटर. पावणेतेरा टक्क्यांचा फरक. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, त्याला व्यास वाढल्याचं कळत नाही. तो ८० दाखवतो तेव्हा गाडी ९०च्या आसपास धावत असते. कंपनीचा स्पीडोमीटर मुळात थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे ३२ इंचापर्यंतचा फरक बराचसा त्यात जिरतो. ३५ इंचाचा जिरत नाही. ओडोमीटरही तितकाच मागे राहतो, म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेल्या किलोमीटरमध्ये तेरा टक्के मिळवून बघा.

ब्रेकचं गणित याहून वाईट. डिस्क तीच, कॅलिपर तोच, पण जमिनीपर्यंतचं अंतर वाढलेलं. पायाचा तेवढाच जोर दिला तर रस्त्यावर मिळणारी ब्रेकची ताकद साधारण एक नवमांशाने कमी होते. वर जड टायर आणि रिमचं फिरणारं वजन थांबवायचं ते वेगळंच. आंबोली घाट उतरताना हे जाणवतं, कोल्हापूरच्या सपाट रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेताना जाणवणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९५ टायरचा आकार आणि भारक्षमता ठरवून देतो, आणि गाडीची मान्यता ज्या टायरवर झाली तेच टायर त्या मान्यतेचा भाग असतात. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनी देते तो आकार घेतलात तर वादाला जागा राहत नाही. तेवढ्याच आकारात ऑल-टेरेन नक्षीचे टायर मिळतात, आणि सह्याद्रीतल्या चिखलात नव्वद टक्के लोकांना ते पुरतात. उरलेल्या दहा टक्क्यांना विंच लागतोच.

लिफ्टबद्दल बोलू. आरसीवर गाडीच्या उंचीचा रकाना नसतो, म्हणून 'यात विसंगती कसली?' असा युक्तिवाद नाक्यावर करता येतो, आणि कधी कधी तो चालतोही. अपघातानंतर तो चालत नाही. चार इंच लिफ्ट आणि मोठ्या टायरमुळे वाढलेले दोन इंच मिळून तुमची गाडी दीडशे मिलिमीटर वर गेली आहे. गुरुत्वमध्य वर गेला, आणि कंपनीने इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटीची जी जुळणी केली होती ती खालच्या गुरुत्वमध्यासाठी होती. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. दोन इंचांच्या वर गेलं की पुढच्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे कायम तिरके चालतात, रबरी बूट फाटतात, ग्रीस उडतं. घेण्याआधी गाडीखाली शिरून हे बघा. आणि एक छोटीशी गोष्ट जी जवळजवळ कुणीच करत नाही: लिफ्टनंतर हेडलाइट खाली वळवणं. गाडी सहा इंच वर गेली की तुमचा डीम दिवा समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. लोक शिव्या घालतात त्या यालाच.

लोखंडी बंपरवर फार चर्चेची गरज नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅश गार्ड हे कलम ५२चं उल्लंघन आहे, कारवाई करा, असं कळवलं. कारण दोन: पादचाऱ्याला होणारी इजा, आणि एअरबॅग. धडकेत गाडीचा पुढचा भाग कसा चुरगळतो त्या मोजमापावर सेन्सर एअरबॅग उघडायची वेळ ठरवतो. चासीच्या टोकाला जाड लोखंड जोडलं की ते मोजमाप बदलतं. २०२० मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने थारला चार तारे दिले ते कंपनीच्या बंपरवर. तुमच्या गाडीला किती तारे, हे कुणीच तपासलेलं नाही. शिवाय विंच मधोमध बसला की नंबरप्लेट बाजूला किंवा खाली सरकवली जाते. नंबर कॅमेऱ्याला दिसत नाही, हे आणखी एक निमित्त.

दिवे: नियम १११नुसार गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायला नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, तीही अपवादात्मक परिस्थितीतच. बारवर काळी टोपी घातली की नाक्यावरचा वाद निम्मा होतो, पण नियम 'बसवण्या'बद्दल आहे, लावण्याबद्दल नाही. छतावरचा बार चार बोल्टवर असतो. काढा.

एक्झॉस्ट आधी बदला, आज बदला. आवाज आणि प्रदूषणाच्या उल्लंघनाला कलम १९०(२) लागतं: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. एक गोष्ट विकणाऱ्याला स्पष्ट विचारा: डीपीएफ जागेवर आहे का? बीएस-६ डिझेलमध्ये काजळी पकडणारा तो फिल्टर मोकळ्या एक्झॉस्टच्या हौसेत कापून टाकतात आणि इंजिनच्या संगणकाला तो आहे असं खोटं सांगणारं रीमॅप मारतात. पीयूसी केंद्रात फक्त धुराची घनता मोजतात, त्यामुळे अशी गाडी तिथे पासही होऊ शकते. म्हणून 'पीयूसी क्लिअर' याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. नवीन डीपीएफ महाग असतो. सौद्यातून तेवढे पैसे कमी करून घ्या.

स्नॉर्कलवरून कुणाला मोठा त्रास झालेला मी पाहिला नाही. फोर्स गुरखाला तो कारखान्यातूनच येतो, त्यामुळे पोलिसांच्या डोळ्यांना सवय आहे. थारवर तो फेंडर कापून बसवलेला असतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि गाडीला 'आर्मी लूक' देण्याचा विचार असेल तर तो सोडा: नियम १२१नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणालाच वापरता येत नाही. दुसरा कुठलाही रंग चालेल, पण आरसीवर तशी नोंद करून.

लोक पोलिसांच्या चलानला घाबरतात. मी विम्याला घाबरतो. चलान हजारांत असतं, आणि नाकारलेला दावा लाखांत. विमा कंपनीला न सांगता केलेले बदल ही तुमच्या स्वतःच्या नुकसानभरपाईच्या दाव्यातली पहिली फट असते. सर्व्हेयर फोटो काढतो, गाडीची पॉलिसी सुरू होतानाची माहिती काढतो, आणि लिफ्ट, टायर, बंपर एकेक करून अहवालात लिहितो. ग्राहक आयोगात भांडता येतं. पॉलिसीच्या अटीचा भंग मूलभूत नसेल तर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केलं आहे. पण अपघाताचं कारणच तुमचा बदल ठरला, म्हणजे उंच झालेली गाडी वळणावर उलटली, तर ते तत्त्व किती उपयोगी पडेल याची मला शंका आहे. नोंदणीच निलंबित झाली असेल तर प्रश्नच मिटला. वैध नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर चालवणं हा मूलभूत भंग असल्याचं त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. तुमच्या धडकेत दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई नाकारायला विमा कंपनीला कायद्याने मोजकीच कारणं दिली आहेत, आणि 'गाडीत बदल होते' हे त्यांत नाही. शर्यत मात्र आहे.

इथेच ऑफ-रोड स्पर्धांचा मुद्दा येतो. खासगी पॉलिसीच्या वापराच्या अटी काढून बघा: संघटित शर्यत, वेगचाचणी आणि 'रिलायबिलिटी ट्रायल' वगळलेलं असतं. क्लबने वेळ लावून, नंबर चिकटवून भरवलेली चिखलातली स्पर्धा यात सहज बसवता येते. तिथे गाडी दरीत गेली तर भरपाईची आशा धरू नका. विंच, रूफ रॅक अशा वस्तूंची किंमत ॲक्सेसरी म्हणून जाहीर करून जादा हप्ता भरता येतो, आणि तो जरूर भरा. पण विमा कंपनीने हप्ता घेतला म्हणजे बदल कायदेशीर झाला असं होत नाही. पोलिसाला ती पावती दाखवून उपयोग नाही.

बाहेरच्या देशांत राहणारे मित्र मला नेहमी म्हणतात की आमच्याकडे तर सगळं चालतं. चालतं, पण तपासून. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेकडे गाडी नेली, सुट्या भागांचे कागद दाखवले, तपासणीत पास झालात की बदल गाडीच्या कागदावर चढतो. ब्रिटनमध्ये आमूलाग्र बदललेल्या गाडीला २०२५पर्यंत गुणपद्धत होती: मूळ चासीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. आठ गुण भरले नाहीत तर जुना नंबर जायचा आणि एकेका गाडीच्या स्वतंत्र चाचणीतून जावं लागायचं. आपल्याकडे पुण्यात एआरएआय आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे, म्हणजे चाचणीची अक्कल आणि यंत्रं महाराष्ट्रातच आहेत. पण त्यांचं काम उत्पादकाचं मॉडेल किंवा किट मान्य करण्याचं. माझ्या वर्कशॉपमधली एक गाडी घेऊन जाऊन 'हिची वेल्डिंग तपासा, ब्रेक तपासा, कागदावर चढवा' म्हणायची वाट नाही. त्यामुळे उत्तम बांधलेली आणि भंगार बांधलेली गाडी कायद्याच्या नजरेत सारखीच बेकायदा ठरते, आणि चांगलं काम करणाऱ्याला काही फायदा मिळत नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

आता मित्राची जीप. मंडी डबवाली जीप बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे, कारागीर हुशार आहेत, आणि तिथून येणारी प्रत्येक जीप बेकायदा असते असं मी म्हणणार नाही. पण तिथे गाडी बघू नका, आधी कागद बघा. जुन्या जीपच्या आरसीवर नव्याने बांधलेली गाडी उभी केली असेल तर चासी नंबर हाच सगळा खेळ असतो. नंबर चासीच्या मूळ पट्टीवर ठोकलेला आहे की कापून जोडलेल्या तुकड्यावर, हे नखाने रंग खरवडून आणि टॉर्च मारून बघायचं. भोवती वेल्डिंगची रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. अशा गाडीवर चोरीच्या मालाचा संशय येतो, आणि मग आरटीओ नाही, पोलीस ठाणं गाठावं लागतं. आरसीवरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, टेपने मोजून पडताळा. इंधन जुळतं का बघा: पेट्रोल लिहिलेल्या आरसीवर डिझेल इंजिन घालून फिरणाऱ्या जीपा भरपूर आहेत. इंजिन नंबर, सीसी, आसनसंख्या, सगळं जुळायला हवं. लष्कराच्या लिलावातली म्हणून सांगत असतील तर संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म २१मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र मागा. 'हरवलं' हे उत्तर चालत नाही.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आणि त्यासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. बदल लपत नाहीत ते इथे. शुल्कही आता किरकोळ राहिलं नाही: २०२२पासून मोटारगाडीला ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५च्या बदलानंतर वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,०००. कुणी सुचवेल की जुनी विलीज 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. २०२१च्या नियमांत ती सोय आहे, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी, 'व्हीए' मालिकेच्या नंबरसह. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, मोठा फेरफार नको, आणि तरीही ती रोज चालवता येत नाही. टोयोटाचं इंजिन घातलेली जीप त्यात बसत नाही.

जाता जाता गोव्याचं. गाडी कितीही कायदेशीर असली तरी किनाऱ्यावर घालू नका. तिथे वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात, आणि व्हिडिओ बहुतेक वेळा तुमच्याच मित्राने टाकलेला असतो. सह्याद्रीतही वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरलात तर वेगळा कायदा लागतो, तो मोटार वाहन कायद्यापेक्षा कडक आहे.

तुमच्या जागी मी असतो तर दोनच रस्ते धरले असते. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर कंपनीच्या आकाराचे ऑल-टेरेन टायर, मूळ बंपर, मूळ एक्झॉस्ट, मूळ स्प्रिंग आणि छत मोकळं. त्यावर थारचा ६५० मिलिमीटरपर्यंत पाण्यातून जायचा गुण आणि लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) तुमच्याकडे आहेतच. नाहीतर गाडी आहे तशी ठेवा, पण मग ती फक्त खासगी जमिनीवरच्या ट्रॅकवर चालवा आणि तिथपर्यंत फ्लॅटबेड ट्रकवर न्या. मधला मार्ग, म्हणजे 'ट्रॅकपर्यंत जपून चालवत जाऊ', हाच सगळ्यात महाग पडतो, कारण अपघात ट्रॅकवर नाही, हायवेवर होतात.

विकणाऱ्याला विचारा की काढलेले मूळ भाग त्याच्याकडे आहेत का. नसतील तर गाडी मूळ रूपात आणण्याचा खर्च सौद्यातून वजा करा. तो वाटतो तेवढा नाही: शोरूममधून गाडी बाहेर आली की आठवड्यात टायर आणि बंपर उतरवणारे हौशी इतके आहेत की कंपनीचे जवळजवळ कोरे टायर, रिम आणि बंपर पुण्या-मुंबईत सेकंडहँड सहज मिळतात. डीपीएफ तेवढा नवीन घ्या.